उसनी हाक

द्रिसिलच्या गळ्याची डोंगरातल्या मावरोह गावाला सवय होती. खालच्या पोफळीच्या बागेतून तिने साद घातली की वरच्या वळणावर झाडूचं गवत कापणाऱ्या बायका मान वर न करता म्हणायच्या, "पोचली द्रिसिल." तिचं लग्न ठरलं तेव्हा धाकट्या बहिणीने गावभर सांगितलं होतं, की आता फोरविनला पळून जायचं असेल तर थेट बांगलादेशच्या मैदानात उतरावं लागेल, त्याच्या अलीकडे कुठेही लपला तरी हिची हाक पोचणारच. फोरविन पळाला नाही. कमी बोलणारा माणूस. लग्नानंतर कपाळाला पट्टा लावून पाठीवर टोपली, हातात कोयता आणि मधाच्या दोन बाटल्या घेऊन तो रीतीप्रमाणे तिच्या घरी राहायला आला, आणि पहिल्याच आठवड्यात गळकं छप्पर शाकारून मोकळा झाला.

रानात मावरोहची माणसं एकमेकांना नावाने बोलावत नाहीत. नाव ऐकलं की झाडांमध्ये राहणारेही ते शिकतात, आणि मग नक्की कोण बोलावतंय ते कळेनासं होतं. म्हणून बाळ जन्मलं की आई त्याच्यासाठी एक हाक बांधते. शब्द नसतात तिला, नुसते सूर. घरात तिचा आखूड तुकडा पुरतो, रानात पूर्ण लांब द्यावी लागते. माणूस असेपर्यंत ती त्याची, माणूस गेलं की तीही गेली. ती दुसऱ्याला देत नाहीत, हे कोणी कोणाला शिकवत नाही. मेलेल्याचे दात काढून कोणी स्वतःच्या तोंडात बसवत नाही, हे जसं शिकवावं लागत नाही, तसंच.

द्रिसिलची पहिली मुलगी बान्री झाली तेव्हा तिला हाक शोधावी लागली नव्हती. नाळ कापली जात होती तेव्हाच ती गुणगुणत होती. वरून सुटायची ती हाक, कड्यावरून पाणी सुटावं तशी. मध्ये अगदी थोडी थांबायची, आणि शेवटी पुन्हा वर चढून तिथेच हवेत सोडून दिलेली असायची. बायका उतारावर काम करता करता उगाच बान्रीला बोलवायच्या, नुसती ती हाक देता यावी म्हणून. जिच्या जिभेला हाड नव्हतं ती थेइलिनसुद्धा म्हणाली होती, "मला असली हाक असती तर मी दिवसभर हरवलेलीच राहिले असते."

बान्री पाचव्या पावसाळ्यात गेली. ताप होता, ओढा चढला होता, पलीकडे दवाखान्यात नेता आलं नाही.

त्यानंतर गावात ती हाक कोणी दिली नाही. खेळता खेळता एखाद्या पोराच्या तोंडात चुकून आलीच तर जवळचं मोठं माणूस त्याच्याकडे नुसतं बघायचं, आणि ते पोर ओठ मिटून घ्यायचं.

पुढे रिदालिन झाली. शेजारणी अंडी आणि सुकी मासळी घेऊन बघायला आल्या, पान-सुपारी खाऊन बसल्या, आणि उठताना प्रत्येकीने विचारलं, "काय म्हणतेस मग हिला?"

"येतेय अजून," द्रिसिल म्हणाली.

आठवडे गेले. मुलीला पाजायला घेतलं की द्रिसिल डोळे मिटायची आणि सूर धरायची. कधी बुलबुलासारखा, कधी खालच्या ओढ्यासारखा, कधी उगाच काहीतरी. तो कुठूनही निघाला तरी दोन पावलं चालून त्याच जुन्या वाटेला लागायचा. ती थांबायची, परत सुरुवात करायची. एके सकाळी धुकं दारापर्यंत आलेलं होतं, घरात कोणी नव्हतं, बाळ पीत होतं. तिने सूर वळवायचं सोडून दिलं. बान्रीची आखूड हाक दिली. बाळाने तोंड बाजूला करून वर पाहिलं आणि हसलं.

त्या हसण्याचा आधार तिने पुढे कितीदा तरी घेतला. पोर हसली, म्हणजे तिला चाललं. पोरीला चाललं, मग बिघडलं कुठे?

एकदा फोरविन जळणाचा भारा घेऊन दारात आला तेव्हा ती रिदाला खेळवत होती. तो भारा न टाकताच उभा राहिला.

"ती तिची आहे," तो म्हणाला.

द्रिसिल त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. मग त्यानेच तांबडा चहा करून तिच्यापुढे ठेवला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. पण त्याने स्वतः रिदाला त्या हाकेने एकदाही बोलावलं नाही. काही सांगायचं असलं की उठून तिच्याजवळ जायचा आणि खांद्याला हात लावायचा.

त्यांचं घर गावाच्या खालच्या टोकाला होतं. आई धाकट्या बहिणीकडे, वरच्या मोठ्या घरात राहायची, आईचं घर धाकट्या लेकीलाच जायची तिथली रीत. त्यामुळे भिंतीआडचं भिंतीआड राहिलं. बाहेर द्रिसिल रिदाला नुसती "कू" करायची, कुत्र्याला करतात तशी, आणि रानात नेलं तर हाताच्या अंतरावरच ठेवायची. पहिली काही वर्षं बायका गप्प राहिल्या. जिचं पोर गेलंय तिला काय विचारायचं. पण वर्षं सरली तशी दया आटली, आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या गळ्याच्या बाईने पोरीला हाक दिली नाही, याची मजा वाटायला लागली.

"काँग द्रिसिल," ताई म्हणावं तसं मानाने काँग म्हणत थेइलिन गवताच्या काड्या सारख्या करता करता टोचायची, "तुझी पोर तिकडे खाली गेलीय. बोलव की. का मी माणूस पाठवू?"

सगळ्या हसायच्या. द्रिसिलही हसायची. मग उठून, उतरून, रिदाला हाताला धरून आणायची.

शाळेत थेइलिनची मर्सिया रिदाला "बिनहाकेची" म्हणायची. रिदाने घरी येऊन विचारलं.

"तुला आहे की," द्रिसिल म्हणाली.

"मग बाहेर का नाही देत?"

"बाकीच्यांच्या हाका रानासाठी असतात. तुझी घरातली आहे. घरातली वस्तू बाहेर मिरवतात का?"

हे तिने इतक्या सहज सांगितलं की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. रिदाला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा आवडलं. तेव्हापासून मर्सियाने चिडवलं की ती ओठ घट्ट मिटून घ्यायची आणि डोळ्यांनी हसायची, खिशात काहीतरी लपवलेल्या माणसासारखी.  हे एक दिवस बाहेर पडणार हे द्रिसिलला कळत होतं. कसं, एवढंच कळत नव्हतं.

त्या वर्षी झाडूचं गवत तयार झालं तेव्हा गावचे कारभारी बाह क्लेस घरोघर सांगत आले, की शनिवारी शिलाँगहून माणसं येणार आहेत. आवाज साठवायचं यंत्र घेऊन. सगळ्या आयांनी पोरांना घेऊन सभेच्या खोलीत यायचं आणि एकेकाची हाक द्यायची.

"कशाला?" द्रिसिलने विचारलं.

"जपून ठेवायला, म्हणतात."

"आपण काय सांडतोय?"

"मला काय माहीत. चहाचं आणि भाकरीचं सामान तेच आणतायत, एवढं विचारून घेतलंय." बाह क्लेस सुपारी दुसऱ्या गालात सरकवून म्हणाले. मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, "तुझी अजून... नसली तर नको येऊस. कोणी काही म्हणणार नाही."

"रिदाला सर्दी झालीय," द्रिसिल म्हणाली.

"बरं तर," ते म्हणाले, आणि सुटल्यासारखे पुढच्या घरी गेले.

शनिवारी ती रिदाला घेऊन मुद्दाम लांबच्या संत्र्याच्या बागेत जाणार होती. सकाळी उठून टोपली पाठीला लावली, आणि पाहते तर रिदा नाही. चर्चचा झगा खुंटीवर नव्हता.

ती पायऱ्या चढत गेली. मावरोहच्या दगडी पायऱ्या तिने पाठीवर संत्री, सुपारी, तमालपत्रं, आणि एकदा तापाने फणफणलेलं मूल घेऊन चढल्या होत्या. मोकळ्या पाठीने इतक्या जड त्या कधी लागल्या नव्हत्या.

खोली भरलेली होती. पुढे एक शहरी मुलगी कानांवर झाकणं लावून बसली होती. म्हाताऱ्या भिंतीकडेने बसून सुपारी कातरत होत्या, त्यांत द्रिसिलची आईही होती. मर्सियाची हाक नुकतीच होऊन गेली होती, आणि थेइलिन घाम पुसत मागे येत होती. द्रिसिल दारात पोचली तेव्हा रिदा पुढे उभी होती. एकटी.

"तुझी आई कुठंय?" शहरी मुलीने विचारलं.

"मला येते," रिदा म्हणाली. मर्सियाकडे एकदा पाहिलं, छाती भरून घेतली, आणि हाक दिली.

आखूडच होती. एका श्वासाची. पण भिंतीकडचे अडकित्ते थांबले. एका पोराने "ही तर" एवढं म्हटलं आणि त्याच्या आईने त्याला चिमटा काढला. पाहुण्यांना काहीच कळलं नाही. शहरी मुलीने एका कानावरचं झाकण वर केलं.

"किती सुंदर आहे. लांब पण येते का तुला?"

द्रिसिलला वाटलं, लांब तिला येत नाही. लांब तिने कधी शिकवलेली नाही. मग आठवलं, की रिदा झोपली असं समजून ती रोज शेजारी पडल्या पडल्या काय गुणगुणायची.

रिदाने लांब हाक दिली. कड्यावरून सुटली, मध्ये थोडी थांबली, आणि वर चढून हवेत राहिली. लहान पोरीचा आवाज होता. बान्रीच्याच घरातला गळा.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. गावातल्या कोणी वाजवल्या नाहीत, पण परक्यांपुढे कोणी काही बोललंही नाही. द्रिसिलची आई उठली, हातातलं अर्धं कातरलेलं खांड जमिनीवर ठेवलं, आणि दारात उभ्या असलेल्या लेकीच्या अंगावरून तिच्याकडे न बघता निघून गेली. भुईने पोटात घ्यावं असं द्रिसिलला झालं. आता थेइलिन काहीतरी बोलेल, सगळ्या हसतील, आणि निदान ते एक होऊन जाईल, म्हणून ती वाट बघत राहिली. थेइलिन आली. तिने चहाचा पेला द्रिसिलच्या हातात दिला, पेल्याभोवती तिची बोटं नीट मिटवली, आणि एक शब्द न बोलता परत गेली. टोमणा परवडला असता.

पायऱ्या उतरताना रिदा आईपुढे उड्या मारत होती.

"मेई, मर्सियाचं तोंड पाहिलंस? सगळे गप्प झाले. मर्सियाच्या वेळी नव्हते झाले."

"हं."

"तू रागावलीस? घरातली बाहेर नेली म्हणून?"

"नाही."

"पुन्हा नाही नेणार. एकदाच दाखवायची होती."

सोमवारी रिदा शाळेतून आली ती दप्तर न काढता चुलीपाशी उभी राहिली. "मर्सिया म्हणते ती माझी नाहीच. बान्रीची आहे. मेलेलीची."

"मर्सियाच्या पोटात दुखतंय," द्रिसिल म्हणाली. भात उतरवायच्या निमित्ताने तिने पाठ फिरवली. "तुझ्या हाकेला पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, तिच्या हाकेला नाही. म्हणून."

शब्द तोंडातून गेले आणि तिला स्वतःचीच किळस आली. पोराला फसवायचं ते फसवायचं, वर दुसऱ्याच्या पोराला खोटं पाडायचं.

द्रिसिलची आई संध्याकाळी आली. दाराला टेकून बसली, सुपारी दिली ती घेतली, पण तोंडात टाकली नाही. रिदा कोपऱ्यात तांदूळ निवडत होती.

"रिदा, मावशीकडे जा जरा," द्रिसिल म्हणाली.

"बसू दे तिला," आई म्हणाली. "तिचंच बोलणं आहे. कधीपासून चाललंय हे?"

"ती पीत होती तेव्हापासून."

"मला नाही सांगितलंस."

"काय सांगू, मेई? की मला आली नाही? सगळ्या गावाला माझा गळा माहीत. ज्या बायांना दोन सूर धड लावता येत नाहीत त्यांनाही आपल्या पोरांच्या हाका आल्या. मला नाही आली. लाज वाटली मला."

"गळा कोंबड्यालाही असतो," आई म्हणाली.

 सुपातले तांदूळ वाजेनासे झाले.

"नाव एक असतं तर चाललं असतं," आई म्हणाली. "माझ्या आजीचं नाव गावात तिघींना आहे, कोणाचं काही अडलं नाही. बान्री गेली तेव्हा आपण काय म्हणालो? देवाच्या दारी सुपारी खात बसली. सगळ्यांसाठी तेच म्हणतो. पण तू तिला बसू दिलंस का? दर थोड्या वेळाने तिची हाक. पोर उठणार, हातातली सुपारी ठेवणार, दारापर्यंत येणार. आणि बघणार काय, तर आपल्याला नाहीच बोलावलेलं. भलतंच कोणी तिथे जाऊन उभं राहिलंय. मग परत जाऊन बसणार. परत हाक. इतकी वर्षं, द्रिसिल. पाच वर्षांचं पोर ते. त्याला काय कळणार, की आईची सवय सुटत नाही म्हणून."

द्रिसिलने आजवर स्वतःला चोर म्हटलं होतं, खोटारडी म्हटलं होतं, आळशीसुद्धा म्हटलं होतं. हे मात्र तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. बान्रीला आपण धरून ठेवतोय असं तिला वाटायचं. दारापर्यंत बोलावून परत पाठवतोय, असं नाही. तिने खांद्यावरचं चौकड्यांचं कापड तोंडावर ओढलं.

कोपऱ्यातून रिदाचा आवाज आला. रडवेला नव्हता. हिशेब लावून बघितल्यासारखा होता.

"म्हणजे मला कोणी बोलावलंच नाही?"

आजीने उठून तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. रिदा सूप घेऊन बाहेर गेली.

पुढचे दिवस वाईट गेले. एकदा जेवायच्या वेळी द्रिसिलच्या तोंडून सवयीने तीच आखूड हाक निघाली. रिदा अंगणात पाठ करून बसली होती. तिने मान वळवली नाही. खांदे मात्र वर आले, मारायला कोणी हात उगारला की येतात तसे. फोरविन हातातलं ताट ठेवून उठला, तिच्याजवळ गेला, खांद्याला हात लावला. ती आली. बापाशेजारी बसून तिने मासळीची चटणी आणि भात निमूट खाल्ला. द्रिसिल त्या दोघांसमोर मान खाली घालून जेवली. सात वर्षांत नवऱ्याने त्या पोरीला एकदाही फसवलं नव्हतं, आणि त्याला काही वेगळं करावंही लागलं नव्हतं. नुसतं उठून जावं लागलं होतं.

तिला अजून एक गोष्ट टोचत होती. हाक यंत्रात बसली होती, रिदाच्या नावाने. उद्या कुठेतरी कोणीतरी कळ दाबणार आणि बान्री पुन्हा उठणार. ती बाह क्लेसकडे गेली. फोन लागायचा तर सडकेपर्यंत चढून जावं लागे, म्हणून ते काही न विचारता तिच्याबरोबर वर आले आणि त्या शहरी मुलीचा क्रमांक लावून दिला. तिथे चहाच्या टपरीवर दोन माणसं गवताच्या गाडीची वाट बघत बसली होती.

"काँग, तुमच्या मुलीची तर सगळ्यात छान आली आहे," शहरी मुलगी म्हणाली.

"ती पुसून टाका."

"का? आमचं काही चुकलं का?"

"तुमचं नाही." द्रिसिल टपरीकडे पाठ करून उभी राहिली. "ती हाक तिची नाही. माझ्या मोठ्या मुलीची होती. ती आता नाही."

"ऐकू येत नाहीये, काँग. वारा आहे."

तिला पुन्हा सांगावं लागलं. मोठ्याने. टपरीवरच्या माणसांचं बोलणं बंद पडलं. जो गळा दरीपलीकडे पोचायचा तो एवढंसं वाक्य बोलताना दोनदा फाटला.

 पलीकडची मुलगी हळू म्हणाली, "पण मग तर ती ठेवायलाच हवी ना? नाहीतर कायमची जाईल."

"जायचीच असते ती," द्रिसिल म्हणाली. "मीच जाऊ दिली नाही. तुम्ही पुसा."

"बरं," ती म्हणाली, आणि काही वेळाने, "पुसली."

फोन परत देताना बाह क्लेसनी विचारलं, "झालं?" तिने मान हलवली. रडू येईल असं वाटलं होतं. आली ती भूक. बान्रीला कायमचं पाठवून आलो आणि आपल्याला भूक लागली, याचीही तिला शरम वाटली. टपरीवर तांदळाची गरम भाकरी होती, पण ती माणसं तिथे बसलेली असताना ती घ्यायला तिचा हात पुढे होईना.

रिदासाठी नवी हाक मात्र येईना. आता तर जुन्या वाटेलाही सूर लागत नव्हता.  ती आईकडे गेली.

"माझी कशी केलीस तू?"

"केली कुठे," आई म्हणाली. "तू जन्मल्यापासून वरच्या पट्टीत किंचाळायचीस आणि मध्येच दम खायचीस. तेच परत केलं. बघ, तुझी हाक तशीच आहे की नाही?" मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाली, "रिदा कशी रडायची लहानपणी?"

  बान्री कशी रडायची, कशी झोपायची, कुठल्या पायरीवर नेहमी बसायची, सगळं द्रिसिलला डोळे मिटून सांगता आलं असतं. रिदाच्या प्रत्येक गोष्टीत तिने एवढंच पाहिलं होतं, की ही तिच्यासारखी आहे की नाही. नसली तर तिने पुढे बघितलंच नव्हतं.

"मेई, मला आठवत नाही," ती म्हणाली.

आईने अडकित्ता परत उचलला. 

मग ती रिदाकडे बघायला लागली. चोरून, कारण रिदा अजून तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. रिदा टाचा घासत चालायची. तिची चप्पल मागच्या बाजूने आधी झिजायची. ती वाद घालताना आधी खालच्या आवाजात दोन शब्द बोलायची, थांबायची, आणि मग एकदम तिसरा टाकायची. सुपारी कडू लागली की थुंकायची नाही, तोंड वाकडं करून पूर्ण खायची. बान्री नाजूक होती, पिसासारखी. ही दगडावर दगड ठेवावा तशी होती, आणि घरात सात वर्षं न बघता ठेवलेली होती.

गवताची शेवटची कापणी होती. उतारावर सगळं गाव होतं. बायका कापत होत्या, पोरं काड्या झटकत होती, खाली धुकं दरीत भरून राहिलं होतं. रिदा भारा घेऊन खालच्या वळणावर गेली होती. द्रिसिलने कोयता जमिनीत रोवला. तोंडाशी हात नेला. 

तिने हाक दिली. खालून सुरू झाली, दोन बुटके सूर, मग थांबा, मग एकदम तिसरा. तो तिसरा तिला लांबवावासा वाटला, शोभेसाठी, आणि तिथे गळा घसरला.

सगळ्या उतारावरचे कोयते थांबले.

"हे काय, काँग," थेइलिन म्हणाली, "बकरी हाकतेस की पोर?" पण ती हसली नाही, आणि बाकीच्याही हसल्या नाहीत.

खाली रिदा उभी राहिली. वर पाहिलं. ओ दिली नाही.  द्रिसिलने पुन्हा हाक दिली, तशीच, शेवटी पुन्हा घसरली. रिदा तरी उभीच. सगळ्यांच्या देखत, भारा कपाळाच्या पट्ट्याला लटकलेला, उभीच.

मग खालून आवाज आला. ओ नव्हती ती. तीच हाक होती. दोन बुटके सूर, थांबा, तिसरा. आणि तिसरा तिने लांबवला नाही, तोडला. काडी मोडावी तसा.

"शेवट असा," रिदा खालून ओरडली. "ओढू नकोस."

द्रिसिलची आई वरच्या खडकावर बसली होती. "आईची हाक पोरीने दुरुस्त केली, असं मी बाई ऐकलं नव्हतं," ती म्हणाली.

"आता ऐकलंस ना," थेइलिन म्हणाली. "तीन वळणांपर्यंत ऐकलं सगळ्यांनी."

आईने जे पहिल्या महिन्यात एकटीने द्यायचं ते पोरीला उताराच्या मध्यावर उभं राहून स्वतःच पुरं करावं लागलं होतं, आणि सगळं गाव साक्षीला होतं. द्रिसिलची मान वर होईना. मान खाली ठेवूनच तिने तिसऱ्यांदा हाक दिली, रिदाने सांगितली तशी, शेवट तोडून.

खालून ओ आली.

रिदा घाई न करता चढत आली. टाचा घासत. जवळ येऊन भारा खाली टाकला.

"काय काम होतं?"

"काही नाही."

"मग कशाला बोलावलंस?"

 द्रिसिलने रिदाच्या केसांत अडकलेलं गवत काढायला हात पुढे केला. रिदाने मान मागे घेतली. खाली दरीत धुकं होतं तसंच होतं. थोड्या वेळाने रिदाने मान परत पुढे केली, तोंड वाकडं करून, आणि काडी निघेपर्यंत तशीच ठेवली.